टेक्यावरचा नेम

उत्तर नागपुरातलं जरीपटका म्हणजे फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी उभी केलेली, दुकानांनी गजबजलेली वस्ती. तिथून इंदोऱ्याकडे येऊन कामठी रस्त्याला लागलं की शहर मागे पडतं आणि पुढे छावणीचा मुलूख सुरू होतो. कामठीची ही छावणी इंग्रजांनी १८२१ मध्ये वसवली. आज तिथे ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर आहे, आणि शाळा-कॉलेजांतल्या शिक्षकांना एनसीसी अधिकारी म्हणून तयार करणारी ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीही आहे. या भागातल्या पोरापोरींच्या हातात पहिली खरी रायफल येते ती बहुतेक वेळा एनसीसीच्या कॅम्पातच. .२२ ची जड रायफल, पोटावर झोपून घ्यायची पोझिशन, समोर कागदी लक्ष्य आणि कानाशी उस्तादांचा सूर: मजबूत पकड, दुरुस्त शिस्त, सही ट्रिगर ऑपरेशन.

पहिल्या पाच गोळ्या झाल्या की कागद हातात येतो आणि चेहरा पडतो. रायफल वाळूच्या पोत्यावर टेकवलेली होती, हलत नव्हती, माशी लक्ष्याच्या बरोबर खाली दिसत होती. मग भोकं चार दिशांना का? शेजारच्या मुलीने पोतं न घेता नुसत्या कोपरांवर मारलेल्या गोळ्या मात्र एका जागी कशा? दोष रायफलीला दिला जातो, काडतुसांना दिला जातो. कधीकधी तो खराही असतो. पण टेका घेऊन मारलेली गोळी भरकटते तेव्हा बहुतेकदा कारण टेक्याशीच असतं. टेका पक्का असणं एवढ्याने भागत नाही. तो प्रत्येक गोळीला सारखाच असावा लागतो, आणि हा सारखेपणा पक्केपणाहून कितीतरी अवघड असतो.

आधी हिशेब मांडू. स्पर्धेच्या ५० मीटर रायफलीत डोळ्याजवळची मागची शिस्त आणि नळीच्या टोकाची माशी यांत सुमारे ८० सेंटीमीटर अंतर असतं. लक्ष्य त्याच्या साठ-बासष्ट पट दूर असतं. म्हणजे माशी आपल्या जागेवरून ०.१ मिलिमीटर ढळली, तर गोळी लक्ष्यावर ६ मिलिमीटर सरकते. त्या लक्ष्यावरचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं, आणि आता गुण दशांशात मोजतात. मधोमध लागली तर १०.९. केंद्रापासून ६ मिलिमीटर दूर गेलेल्या गोळीला १०.२ मिळतात. माशी अर्धा मिलिमीटर ढळली तर गोळी ३ सेंटीमीटर जाते आणि दहाऐवजी सात पदरात पडतात. अर्धा मिलिमीटर म्हणजे डोळ्यांना दिसेल न दिसेल एवढं अंतर. गालाचा दाब किंचित बदलला, खांद्यात दस्ता थोडा वर बसला, पोत्यातली वाळू जराशी खचली, की तेवढं होतं.

इथे नवख्याला एक गोष्ट पटता पटत नाही. चाप ओढल्यावर धक्का बसतो तोवर गोळी निघून गेलेली असते, असा समज असतो. तसं नाही. गोळी नळीतून पुढे सरकू लागते त्याच क्षणी रायफल मागे सरकू लागते. .२२ ची गोळी साधारण २.६ ग्रॅमची, स्पर्धेची रायफल कमाल ८ किलोची, नळी ६५ सेंटीमीटर धरू. वजनांच्या गुणोत्तराने गणित केलं तर गोळी नळीच्या तोंडाशी पोहोचेपर्यंत रायफल ०.२ मिलिमीटर मागे आलेली असते. सैन्यातल्या ७.६२ च्या रायफलीत गोळी तिप्पट-चौपट जड आणि रायफल बरीच हलकी, त्यामुळे तिथे हे मागे येणं एक मिलिमीटरच्या पुढे जातं. रायफल सरळ मागे आली तर बिघडत काही नाही. पण ती कधीच निव्वळ सरळ येत नाही. दस्ता खांद्यात नळीच्या रेषेच्या खाली टेकलेला असतो, म्हणून नळी वर उचलू पाहते. पुढचा हात, पोतं, पट्टा तिला अडवतात किंवा ढकलतात. गोळी बाहेर पडण्याच्या त्या दोन-तीन सहस्रांश सेकंदांत रायफल कोणत्या दिशेने किती वाकडी झाली, यावर भोक कुठे पडणार ते ठरतं. हे वाकडेपण टाळता येत नाही. ते दर वेळी तेवढंच आणि त्याच दिशेला असेल तर मात्र शिस्तीचे स्क्रू फिरवून हिशेबात धरता येतं. झिरो करणं म्हणतात ते हेच.

रायफल भिंतीच्या कडेवर, दगडावर किंवा जीपच्या बॉनेटवर थेट ठेवून मारली की गोळी नेहमीपेक्षा वर जाते, हे जुन्या शिकाऱ्यांना आणि जवानांना ठाऊक होतं. कडक पृष्ठभाग धक्का शोषत नाही, उसळवतो. म्हणून रायफल टेक्यावर ठेवायची नाही, हात ठेवायचा आणि हातावर रायफल ठेवायची. मनगटाची मागची बाजू पोत्यावर, तळव्यात रायफलीचा लाकडी पुढा. नळी तर कशालाच लागता कामा नये. गोळी सुटताना नळी तारेसारखी थरथरते, आणि तिला मधेच कुठे आधार मिळाला की तिचं थरथरणं बदलतं. चांगल्या रायफलींची नळी म्हणूनच लाकडापासून सुटी ठेवलेली असते; पुढ्यात आणि नळीत एक कागद सहज सरकावा इतकी फट असते. एवढं करून कोणी नळीच पोत्यावर टेकवली तर कारागिराची सगळी मेहनत वाया.

पोतं कसं भरायचं यावरही भांडणारी माणसं भेटतात. फार घट्ट भरलेलं पोतं दगडासारखं वागतं, फार सैल असेल तर दर गोळीला खोल खचतं. माझं मत मधल्याच्या बाजूने आहे: हाताने ठोकून पन्हाळ पाडता यावी आणि ती गोळीमागून गोळी तशीच राहावी. दस्त्याखाली दुसरी छोटी पिशवी असेल तर डाव्या मुठीने ती दाबून माशी केसभर वर-खाली करता येते, आणि खांद्याला हे काम करावं लागत नाही. पुढ्यावर जिथे टेका येतो तिथे चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवावा. टेका दोन बोटं पुढे-मागे झाला तरी रायफल वेगळी उडते.

आधाराने नेम धरण्याची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. किल्ल्यांच्या तटात बाहेरच्या उताराकडे रोखलेल्या जंग्या पाहाव्यात. त्या बंदूकधाऱ्याला आडोसा देतात हे सगळे सांगतात, पण जड बंदुकीला त्या टेकाही देतात. युरोपातले सतराव्या शतकापर्यंतचे बंदूकधारी दुबेळक्याची काठी बरोबर बाळगत आणि तिच्यावर बंदूक ठेवून बार उडवत. त्या काळच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीला टेक्याने नेमकेपण फारसं मिळत नसे. वजन पेलायचं होतं, इतकंच. नळीला आतून पीळ पडले, गोळी फिरत जाऊ लागली, तेव्हा कुठे टेक्याच्या बारकाव्यांना किंमत आली.

आता पोत्याविना टेका. हाडांचा टेका. महाराष्ट्राने या कलेत देशाला शिकवावं इतकं केलं आहे, आणि त्यात कोल्हापूरचा वाटा मोठा. तेजस्विनी सावंतने ऑगस्ट २०१० मध्ये म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात ६०० पैकी ५९७ गुण करून सुवर्ण मिळवलं आणि तेव्हाच्या विश्वविक्रमाची बरोबरी केली. नेमबाजीत जागतिक विजेती ठरलेली ती पहिली भारतीय स्त्री. साठ गोळ्यांत फक्त तीन गुण सुटले. प्रोन म्हणजे पोटावर झोपून, दोन्ही कोपरं जमिनीला लावून मारणं. खाली पोतं नाही, स्टँड नाही. आहे तो एक चामडी पट्टा, म्हणजे स्लिंग.

हा पट्टा डाव्या दंडाला वर, खांद्याच्या जवळ बांधतात आणि दुसरं टोक पुढ्याखालच्या हँडस्टॉपला अडकवतात. दंड, हात आणि पट्टा मिळून एक त्रिकोण तयार होतो. रायफलीचं वजन हाताच्या हाडातून कोपरात आणि कोपरातून जमिनीत उतरतं. रायफल पुढे घसरू नये हे काम पट्टा करतो. स्नायूंना काही करायला उरत नाही, आणि ते तसंच असायला हवं. स्नायू थकतो, थरथरतो, दहाव्या गोळीला पहिल्यासारखा राहत नाही. हाड थकत नाही. डाव्या हाताची बोटं रायफलीभोवती आवळलेली दिसली की उस्ताद हटकतात ते यासाठीच. बोटं सैल, तळवा फक्त खालून. नियमांनी या टेक्यालाही मर्यादा घातल्या आहेत: प्रोनमध्ये पुढच्या हाताचा जमिनीशी कोन ३० अंशांहून कमी चालत नाही, नाहीतर लोक हात जवळजवळ जमिनीवरच आडवा टाकतील.

पट्ट्याची एक खोड आहे. तो दंडाच्या आतल्या बाजूला, रक्तवाहिनीवर घट्ट बसला की नाडीचा ठोका थेट रायफलीत उतरतो. माशी ठोक्यागणिक टुकटुक वर-खाली होताना दिसते. पट्टा थोडा बाहेरच्या बाजूला फिरवला, जाड जाकीट घातलं, की हे बरंच कमी होतं. ठोका मंद करणारी बीटा ब्लॉकर गटातली औषधं नेमबाजीत निषिद्ध पदार्थांच्या यादीत आहेत, सरावातसुद्धा बंद. इतर खेळांत माणसं वेगवान होण्यासाठी फसवणूक करतात आणि या खेळात संथ होण्यासाठी, याची मला नेहमी गंमत वाटते.

टेक्याची किंमत आकड्यांत पाहायची तर स्वप्नील कुसळेची ऑलिंपिकची फेरी वाचावी. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस असलेला हा नेमबाज १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक विजेता ठरला. या प्रकारातलं भारताचं ते पहिलंच ऑलिंपिक पदक. अंतिम फेरीत आधी गुडघ्यावर बसून १५ गोळ्या, मग झोपून १५, मग उभं राहून. स्वप्नीलने गुडघ्यावर १५३.३ गुण केले, झोपून १५६.८, आणि उभ्याने १४ गोळ्यांत १४१.३, एकूण ४५१.४. गोळीमागे सरासरी काढा: गुडघ्यावर १०.२२, झोपून १०.४५, उभ्याने १०.०९. दशांश गुणांवरून अंतर उलगडता येतं. झोपून मारलेल्या गोळ्या केंद्रापासून सरासरी ४ मिलिमीटरवर गेल्या, गुडघ्यावरच्या ६ च्या आसपास आणि उभ्याच्या ७ च्या. माणूस तोच, रायफल तीच. शेवटच्या गोळ्यांवर पदकाचं दडपण होतं हे खरंच, पण जमिनीला लागलेली हाडं जसजशी कमी झाली तसतसं वर्तुळ मोठं झालं, हेही त्यात स्वच्छ दिसतं.

गुडघ्यावरची पोझिशन मला तिन्हींत सगळ्यात चतुर वाटते. उजवा गुडघा, उजव्या घोट्याखाली ठेवलेली गोल उशी आणि डावं पाऊल, अशा तीन जागी शरीर टेकलेलं असतं. ती उशी जास्तीत जास्त २५ सेंटीमीटर लांब आणि १८ सेंटीमीटर व्यासाची असावी असा नियम आहे. डावं कोपर गुडघ्याच्या वाटीवर नेमकं टेकवायचं नाही. गोलावर गोल ठेवला की तो घरंगळतो. कोपराच्या मागचा सपाट भाग गुडघ्याच्या जरा पुढे किंवा जरा मागे बसवायचा. बसायला मात्र ही पोझिशन भयंकर. घोट्याला मुंग्या येतात, आणि पाय बधिर झाला की शरीराचं वजन नकळत सरकतं. तरीही पॅरिसच्या पात्रता फेरीत स्वप्नीलचे गुडघ्यावरचे गुण २०० पैकी १९८, झोपून १९७ आणि उभ्याने १९५ होते. म्हणजे त्या दिवशी त्याची गुडघ्यावरची बैठक झोपण्यालाही भारी ठरली. त्याची प्रशिक्षक दीपाली देशपांडे स्वतः अथेन्स ऑलिंपिकमध्ये खेळलेली, मुंबईच्या रेंजवर तयार झालेली नेमबाज.

टेका कितीही चांगला असला तरी शरीर लक्ष्याकडे तोंड करून पडलेलं नसेल तर सगळं फुकट. याची परीक्षा सोपी आहे. नेम धरावा, डोळे मिटावेत, दोन श्वास घेऊन सोडावेत, अंग सैल करावं आणि डोळे उघडावेत. माशी जिथे दिसेल तिथे आपलं शरीर आपोआप रोखलेलं आहे. ती लक्ष्याच्या डावीकडे दिसली तर हाताने रायफल उजवीकडे ढकलायची नाही. डावं कोपर जागेवर ठेवून कंबर आणि पाय सरकवायचे. हाताने ढकललेली रायफल चाप सुटताच मूळ जागी जाऊ पाहते, आणि तेही गोळी नळीत असतानाच. वाळूच्या पोत्यावर मारणाऱ्यांकडून ही चूक सर्वांत जास्त होते. पोत्यावर रायफल ओढून-ताणून हवी तिथे रोखता येते आणि ती तिथे राहतेही, म्हणून शरीर वाकडं आहे हे कळतच नाही. झोपून मारताना डावं कोपर एकदा रुजलं की मालिका संपेपर्यंत उचलायचं नाही. काडतूस भरणं, बोल्ट ओढणं, सगळं उजव्या हाताने.

श्वासाचं तंत्र उस्ताद सांगतात तेच. अर्धा श्वास सोडून नैसर्गिक थांबा येतो तिथे सात-आठ सेकंदांत गोळी सोडायची. तेवढ्यात जमलं नाही तर रायफल खाली घ्यायची. श्वास रोखून ताणत बसलं की डोळ्याला प्राणवायू कमी पडतो आणि माशीची कड धूसर होते. झोपलेल्या नेमबाजाची छाती फुगली की माशी खाली जाते, रिकामी झाली की वर येते. त्यामुळे श्वास गोळीगणिक वेगळ्या जागी थांबला तर भोकं उभ्या रेषेत पसरतात. भोकं आडवी पसरली तर शरीराची दिशा, रायफलीचा कल किंवा वारा तपासावा. दोन वेगवेगळे घट्ट गट पडले तर मधेच गाल किंवा कोपर हललं असं समजावं. आणि पाचही गोळ्या एका जागी पण मध्यापासून दूर असतील तर हताश होण्याचं कारणच नाही. शिस्तीचा स्क्रू फिरवायचा आहे, माणूस बदलायचा नाही.

वाऱ्यापुढे टेका हात टेकतो. .२२ ची गोळी संथ. ताशी १५ किलोमीटरचा आडवा वारा तिला ५० मीटरवर दोन-तीन सेंटीमीटर ढकलतो. नागपूरच्या उन्हाळ्याचा यात वेगळा छळ आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ च्या घरात जातो तेव्हा जमिनीवरून उठणाऱ्या झळांतून लक्ष्य वितळल्यासारखं हलतं, आणि वारा असेल त्या बाजूला सरकलेलंही दिसतं. रायफल दगडी टेक्यावर असली तरी डोळा जे लक्ष्य बघतोय ते मुळी तिथे नाही. उन्हाळी कॅम्पात फायरिंग पहाटे उरकण्यामागे शिस्तीइतकंच प्रकाशशास्त्र आहे.

टेका फारच चांगला झाला तर काय होतं, हे जर्मनीत पाहायला मिळतं. तिथल्या क्लबांत वयस्क नेमबाजांसाठी रायफल स्टँडवर टेकवून मारण्याच्या स्पर्धा होतात. सगळेच जण दहा मारू लागल्यावर पहिला-दुसरा ठरवायला दशांश गुण आणावे लागले. दिव्यांगांच्या नेमबाजीत याच प्रश्नाचा अधिक सुंदर तोडगा काढला आहे. ज्यांचे हात रायफलीचं वजन पेलू शकत नाहीत त्या एसएच-२ गटाच्या खेळाडूंना स्टँड मिळतो, पण त्याच्या डोक्यावर स्प्रिंग असते. स्टँड वजन पेलतो, स्थिरता देत नाही. ती खेळाडूलाच आणावी लागते. हात सशक्त असलेल्या एसएच-१ गटाला स्टँड नाही. कोल्हापूरचाच स्वरूप उन्हाळकर या गटात टोकियो पॅरालिंपिकच्या १० मीटर एअर रायफलमध्ये २०३.९ गुणांसह चौथा आला, पदकापासून एक पायरी दूर.

अंजली भागवत एनसीसीची कॅडेट म्हणूनच नेमबाजीकडे वळली आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचली. त्यामुळे कॅम्पातल्या त्या पाच गोळ्यांना कमी लेखू नये. जरीपटक्यातल्या किंवा कुठल्याही गल्लीतल्या कॅडेटने पुढच्या कॅम्पाला जाताना एक वही न्यावी. पोतं कुठे ठेवलं, कोपर कुठे रोवलं, पट्टा कितव्या छिद्रात अडकवला, गाल कुठे लागला, वारा कुठून होता आणि गट केवढा पडला, हे प्रत्येक मालिकेनंतर उस्तादांसमोर तिथेच लिहावं. संध्याकाळी बॅरकमध्ये आठवून लिहिलेली वही कामाची नसते.